हराळीचं सारवण

गोजरबाईचं खुरपं दहा खुरप्यांच्या ढिगातून मी डोळे झाकून काढून दिलं असतं. मूठ बाभळीची, आणि मुठीवर तिच्या अंगठ्यानं खड्डा पाडलेला. लोहारानं पातं तीनदा बदललं, मूठ तीच राहिली. आमची दारं समोरासमोर. लग्न होऊन मी आले, तर अंगाची हळद निघायच्या आधीच सासूनं मला खुरपायला धाडलं आणि नेमकं गोजरबाईच्या शेजारच्या ओळीला बसवलं. मी अर्ध्या ओळीत होते, तोवर ती आपली ओळ संपवून, दुसरी धरून, माझ्या समोरून परत आली. थांबली. माझ्याकडं बघितलं.

"नवरी, तू तण काढून राह्यली, का त्याला माहेरचं सांगून राह्यली?"

त्या दिवसापासून मी तिच्या टोळीत.

ती मूळची घनसावंगीकडची, रामदासस्वामींच्या जांब समर्थजवळच्या खेड्यातली. "आम्ही देवाच्या शेजारचे," असं सांगायची. पण देवळात गेली तरी तिचं लक्ष देवाकडं कमीच. फरशीच्या फटीतून कुठं गवत उगवलंय का ते बघायची, आणि दिसलं तर नमस्कार करता करता उपटून घ्यायची. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. पण कोणतं तण कधी येतं, किती खोल जातं, कशानं मरतं, हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक.

आणि तिचा एक नियम होता. बाकीचं तण उपटून बांधावर टाकलं तर ती काही म्हणायची नाही. हराळी मात्र भुईला टेकू द्यायची नाही. हराळीचा पुंजका करायचा, माती झटकायची आणि बाभळीच्या फांदीला नाहीतर कुंपणाला टांगायचा, पार वाळून जाईपर्यंत. "भुईला टेकली की जगली," ती म्हणायची. "सासूचा राग आन् हराळी, दोन्ही नुसतं वरून वाळल्यालं दिसतंय." टोळीत नवी बाई आली की पहिला धडा हाच.

गणपतीत तीच हराळी दुर्वा होऊन ताटात यायची. हे कसं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "देवाच्या डोक्यावर ऱ्हाऊ दे की. तिथं आपल्याला ज्वारी थोडीच पेरायची हाय?"

शहाण्णव साल असेल. गोजरबाईचा उजवा गुडघा धरला होता. खुरपणी म्हणजे उकिडवं बसून पुढं सरकत जायचं काम. ती बसायची बरोबर, पण उठताना खुरपं मातीत रोवून त्यावर सगळा भार द्यायची. आम्ही मुद्दाम दुसरीकडं बघायचो. त्या वर्षी कापसाच्या खुरपणीला एका मालकानं सांगितलं, "गोजराबाई, टोळी धाडा, पन तुम्ही घरी बसा आता." बिचारा मायेनंच बोलला. तिला मात्र ते लागलं.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "चांगुणे, बसणं म्हंजी काय असतंय गं? मला तं बिलकुल येत न्हाई."

"शिक की. मी शिकवते. पाय लांब कर आन् सुनंला हाका मार."

"सून चांगली हाय गं. भाकरी आयती मिळती. दिवस आयता जात न्हाई ना."

मी हसले खरी, पण ती हसली नाही. गोजरबाई हसली नाही असा तो पहिलाच दिवस मी बघितला.

पोळ्याच्या तोंडावर जालन्याच्या एमआयडीसीतून बोलावणं आलं. एका बियाण्याच्या कंपनीनं नवं ऑफिस बांधलं होतं. दसऱ्याला उद्घाटन. ऑफिससमोरची जागा साफ करून द्यायची होती. आम्हा आठ बायांना न्यायला टेम्पो आला. फाटकात एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा गडी उभा होता, डोळ्याला चष्मा, हातात वही.

"मी काकासाहेब. इथलं सगळं मीच बघतो."

आमच्यातली सोनूबाई जिभेला कधी गाठ मारत नाही. माझ्या कानाशी, पण सगळ्या टेम्पोला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका म्हणावा तं मिसरूड न्हाई, साहेब म्हणावा तं पोट न्हाई."

पोराचे कान लाल झाले. काकासाहेब हे त्याचं पाळण्यातलंच नाव निघालं. जाफराबादकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शेतकीचं कॉलेज शिकलेला. तो सगळ्यांना मावशी म्हणायचा, म्हणून आम्हाला लगेच आवडला.

आणि ती जागा! जागा कसली, रानच. गाजरगवत छातीएवढं, वरून पांढरी फुलं, अशी की लांबून वाटावं कुणी लाह्या उधळल्यात. त्याच्या खाली कुंदा, कुंद्याच्या खाली लव्हाळा, कडेनं वेडी बाभूळ आणि रुई. काकासाहेब म्हणाले, "हे सगळं मुळासकट निघालं पाहिजे. मग इथं लॉन लावायचंय. लॉन लागलं की ते राखायला, पाणी घालायला, एक बाई कंपनी कायमची ठेवणार आहे."

गोजरबाई पुढं झाली. "पानी उभ्यानं घालायचं का बसून?"

"उभ्यानं. पाइपानं."

"मंग ते काम मपलं."

"मावशी, आधी जागा साफ तर होऊ द्या. कसं काम होतं ते बघून ठरवू."

"बघा की. बराबर बघा," ती म्हणाली, आणि खुरपं कमरेला खोचलं. त्या दिवशी तिच्या मनात काय शिरलं ते मला कळलं. तिला घरी बसायचं नव्हतं, आणि ह्या फाटकाच्या आत उभ्यानं करायचं एक काम होतं.

गाजरगवतानं अंगाला खाज सुटते. म्हणून आम्ही तोंडाला फडकी बांधली आणि पोरांचे शाळेचे जुने मोजे हातात चढवले. वॉचमन कचरूभाऊ म्हणाला, "बायांनो, काम करायला आल्यात का दरोडा घालायला?" सोनूबाई म्हणाली, "दरोडाच. तुमचा चहा कुठं ठिवता ते सांगा."

आठ दिवस आम्ही त्या रानाशी झटलो. पहिल्या तीन दिवसांत वरचं झालं. मग खरं काम. कुंद्याची मुळं टिकावानं हातभर खोल खणून काढली. लव्हाळ्याच्या गाठी मण्यांसारख्या निघतात, एक राहिली तर दहा होतात. गोजरबाई घमेल्यात माती घेऊन तांदूळ निवडावेत तशा त्या गाठी निवडायची. मध्ये मध्ये रानानं बक्षिसंही दिली. कुणाच्या तरी डाव्या पायाच्या तीन चपला सापडल्या. सायकलचं मडगार्ड सापडलं. जुन्या टायरमध्ये मुंगसाचं बिऱ्हाड सापडलं, ते आमच्याकडं रागानं बघत गोडाऊनमागं राहायला गेलं. एक स्टीलचा डबा सापडला, झाकण घट्ट. सोनूबाईनं "सोनं असंल, सोनं असंल" करत दगडानं ठोकून उघडला, तर आत कुण्या कामगाराची वांग्याची भाजी, वाळून दगड झालेली.

"घे, तुह्या नावाचंच निघालं," गोजरबाई म्हणाली. "फोडणी दे आन् खा."

आठव्या दिवशी संध्याकाळी जागा अशी झाली की परातीतलं पीठ. एक काडी नाही. गोजरबाई कडेनं अनवाणी चालून आली, तळव्यानं तपासत. काकासाहेब खूश. म्हणाले, "उद्या लॉन आणून टाकतील. मला सकाळी औरंगाबादला जावं लागतंय. दुपारी येतो, मग लावू. तोवर कडेची आळी करून ठेवा. मावशी, जागेकडं तुमचं लक्ष असू द्या."

"काडी पडू देत न्हाई, साहेब."

टेम्पोत मी विचारलं, "लॉन म्हंजी नेमकं काय असतं गं?"

सोनूबाई जालन्याला एका मोठ्या लग्नात जाऊन आलेली, त्यामुळं ती जाणती. "हिरवा गालिचा असतो. ह्येऽ जाड. त्याची गुंडाळी येती. अंथरायचा आन् कडंनं खिळे मारायचे."

सगळ्यांना पटलं. नाहीतरी एवढी सपाट जागा आणखी कशाला लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून उतरलो आणि गोजरबाई फाटकातच खिळली. आमच्या त्या पिठासारख्या जागेवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हराळी पसरलेली. हराळीच! ओली, मुळांसकट, ढीगच्या ढीग. कडेला दहा-बारा रिकामी पोती.

"कुण्या मुडद्यानं केलं हे?" ती ओरडली. कचरूभाऊची पाळी संपून तो घरी गेला होता, आणि दिवसपाळीचा वॉचमन बिहारकडचा, परवाच आलेला, तो सगळ्याला मान डोलवायचा.

"कुणी तरी शेजारच्यांनी आपला कचरा आणून टाकला," मी म्हटलं.

"कचरा असता तं झाडून काढला असता. ही हराळी हाय, चांगुणे! सांजपर्यंत धरंल ती भुई. पोरींनो, जल्दी! डब्बे ठिवा खाली."

आम्ही सगळ्या म्हाताऱ्या, पण संकट आलं की ती आम्हाला पोरी म्हणायची. आठ जणी तुटून पडलो. एकेक काडी वेचली. आणि नियम तर पाठ होता. माती झटकली, पुंजके केले, तारेच्या कुंपणाला ओळीनं टांगले. कुंपण भरलं तेव्हा उरलेली गोडाऊनच्या पत्र्यावर पसरली. भादव्याचं ऊन, तापलेला पत्रा. साडेबारापर्यंत हराळी कडकडीत झाली. गोजरबाईनं जागेवरून दाताळं फिरवलं आणि आम्ही सावलीला भाकरी सोडल्या. एवढ्या गोड भाकरी मी क्वचित खाल्ल्या असतील.

एक वाजता काकासाहेब आले. जागेकडं बघितलं. मग कुंपणाकडं बघितलं.

"मावशी, लॉन कुठंय?"

"अजून यायचंय, साहेब."

"काल रात्रीच आलंय. पोत्यातून. गरम होऊ नये म्हणून मीच कचरूला पसरून ठेवायला सांगितलं होतं."

काकासाहेब कुंपणापाशी गेले. एक पुंजका हातात घेतला. तो वाजला, पापडासारखा.

"हे... हे लॉन आहे, मावशी."

"ही हराळी हाय, साहेब," गोजरबाई म्हणाली, अगदी हळू.

"हराळीचंच करतात लॉन. पुण्याहून आणलंय. दसऱ्याच्या आत दुसरं येत नाही." आणि तो पोरगा आळ्याच्या कडेला मटकन बसला. "मोठ्या साहेबांना मी काय सांगू?"

सोनूबाईला अशा वेळीही राहवत नाही. म्हणाली, "पुण्याहून हराळी? आवो, आमच्या बांधावरून फुकट नेली असती की. वर पाया पडलो असतो."

कुणी हसलं नाही. मी गोजरबाईकडं बघितलं. फाटकातलं ते उभ्याचं काम तिनं स्वतःच्या हातानं कुंपणाला टांगलं होतं.

तिनं हात धुतला. कुंपणापाशी गेली. एक वाळलेली काडी घेतली, डोळ्याजवळ धरली, पेरापाशी नखानं खरवडली. मग दुसरी. मग तिसरी, पत्र्यावरची. मग मागं वळली, आणि तिचा चेहरा बदललेला.

"साहेब, रडू नका. डोळा जित्ता हाय."

"काय?"

"पेरावरचा डोळा. आतून हिरवा हाय. चाळीस वर्सं ह्या रांडंला मारून राह्यले मी. अशी एका दुपारी मेली असती तं मला गुडघा कशाला गेला असता? शेण मिळंल का? आन् एक कडबाकुट्टी?"

काकासाहेबांनी चष्मा पुसला. "करणार काय?"

"सारवणार."

शेजारच्या गोठ्यातून शेण आलं. कुट्टीवर हराळीचे बोट-बोट तुकडे झाले. तोवर पोती पाण्यात भिजत घातली. मातीच्या ढिगावर खड्डा करून त्यात शेण, चाळलेली माती, हराळीचे तुकडे आणि पाणी घालून गोजरबाईनं पायानं काला तुडवला, गुडघा दुखत असताना. काला हातात घेऊन बघितला, थोडं पाणी घाला म्हणाली. मग ती जमिनीवर सरळ फतकल मारून बसली, आणि घराची ओसरी सारवतात तसा तळहात फिरवला. अर्धा गोल. सरकली. अर्धा गोल.

आम्ही तिच्या शेजारी ओळीनं बसलो. खुरपायला बसतो तशाच, फक्त ह्या वेळी काढायचं नव्हतं. आठ जणींनी अख्खं वावर सारवलं. सोनूबाई म्हणाली, "बाई, आता चार ठिपके दे, रांगोळी बी काढू." आता सगळ्या हसल्या. काकासाहेबसुद्धा बाह्या सरसावून काला आणून देत होते. मध्येच थांबून म्हणाले, "अहो, अशी पद्धत आमच्या पुस्तकात होती!"

"मंग सकाळी कामून न्हाई सांगितली?"

"परीक्षेला आली नव्हती."

संध्याकाळी ओली पोती वरून अंथरली. गोजरबाई काकासाहेबांसमोर उभी राहिली. "आठ दिवस द्या. आठव्या दिवशी फुटवा दिसला न्हाई, तं मी ह्या फाटकात पाय ठिवणार न्हाई. तुमच्या मोठ्या साहेबाला सांगा, येडी म्हातारी होती, तिनं वाट लावली."

"आणि दिसला तर?"

"तं पाइप कुठं ठिवता ते दावा."

ते आठ दिवस ती रोज टेम्पोनं गेली, बोलावणं नसताना. पोती ओली ठेवायची, आणि तव्यावरच्या भाकरीची कड उचलून बघावी तशी एका पोत्याचं टोक उचलून बघायची. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी मी सोबत गेले. नुसतं वाळलेलं सारवण, बारीक भेगा पडलेलं.

"उगवंल," मी म्हटलं.

"तू गप ऱ्हाय. तुह्या तोंडाला अनुभव न्हाई."

सातव्या दिवशी कंपनीच्या गणपतीचं विसर्जन होतं. फाटकाजवळ टेबलावर बसवलेली लहानशी मूर्ती. आरती झाली, सगळे प्रसादाला वळले. गोजरबाई मूर्तीपाशी रेंगाळली, तेव्हा मी मागंच होते. तिनं डोक्यावरच्या सुकलेल्या दुर्वा नीट केल्या आणि देवाला दम दिला.

"तुह्यासाठी ह्या गवताला मी वर्साला एकदा माफी देत आले. आता तू बघ. तुह्याच डोक्यावरचं हाय."

आठव्या दिवशी आम्ही आठही जणी गेलो. फाटकातून आत शिरलो तर काकासाहेब आमच्याही आधी येऊन जागेच्या कडेला उकिडवे बसलेले. पोती सगळी बाजूला काढलेली. वळून बघेनात. मी गोजरबाईचा दंड धरला.

"मावशी," ते म्हणाले, "इकडं या. हळू या."

काळ्या सारवणातून सुईच्या टोकाएवढं, पोपटी, काहीतरी वर आलं होतं. एक नाही. हजार. आणि ते सरळ ओळीत नव्हतं. आमचे तळहात जसे फिरले होते तसंच उगवलं होतं, अर्धे गोल, एकाला लागून एक, माशाच्या खवल्यांसारखे. कुणाचा हात कुठं फिरला ते स्पष्ट वाचता येत होतं. माझे गोल लहान. गोजरबाईचे रुंद आणि एकसारखे, जणू एकाच परातीच्या कडेनं काढलेले. आणि एके ठिकाणी वीतभर कोरी जागा.

गोजरबाईनं ती जागा बोटानं दाखवली. "सोने, इथं तू बोलत होती."

आणि मग ती हसली. असली हसली की गुडघा विसरून खाली बसली, आणि मग उठता येईना म्हणून आणखी हसली. आम्ही चौघींनी तिला उभी केली. तोवर काकासाहेब गोडाऊनकडं गेले होते. परत आले ते हिरवा पाइप खांद्यावर गुंडाळून. तिच्या पुढ्यात ठेवला.

"हा इथं खिळ्याला टांगायचा, मावशी. रोज."

दसऱ्यापर्यंत लॉन अंगभर आलं. सोनूबाईची वीतभर जागाही शेजारच्या हराळीनं आपणहून झाकून टाकली. उद्घाटनाला गावोगावचे शेतकरी बोलावले होते. मोठे साहेब बुटांसकट लॉनवर आले, तशी गोजरबाई पाइप हातात घेऊन कडेला उभी होती, तिथूनच म्हणाली, "साहेब, पाय जरा हलके टाका, बाळंतीण हाय ती." मोठ्या साहेबांनी खरंच बूट काढले. मग काकासाहेबांनी काढले, मग सगळ्या पाहुण्यांनी. फाटकाजवळ चपलांचा ढीग पडला, देवळासारखा.

भाषणं चालू झाली. आम्हा बायांना मागं सतरंजी. शेतकरी लॉनवर मांडी घालून बसलेले. त्यातले एक म्हातारबाबा, पांढरा फेटा, टेंभुर्णीकडचे असावेत. भाषण ऐकता ऐकता त्यांचा हात सहज खाली गेला. एक काडी उपटली. माती झटकली. दुसरी उपटली. नजर स्टेजवर, हात आपल्या कामात. मला दिसत होतं, पण मी बोलले नाही. गोजरबाईलाही दिसलं होतं. ती लंगडत लंगडत निघाली. तोवर बाबांनी मूठभर पुंजका केला, शेजारी तारेचं कुंपण बघितलं, आणि हात लांब करून तिथं टांगला.

गोजरबाईनं तो पुंजका कुंपणावरून काढला. बाबांच्या शेजारी वाकली, जेवढं वाकता येत होतं तेवढं.

"बाबा, ऱ्हाऊ द्या."

"बाई, हराळी हाय ही," बाबा कळवळून म्हणाले. "तुम्हाला म्हाईत न्हाई. समदं रान खाईल ती."

"मला म्हाईत न्हाई व्हय," गोजरबाई म्हणाली. पुंजका तिनं परत भुईला टेकवला, वर चिमूटभर माती लोटली आणि तळहातानं दाबला. "खाऊ द्या, बाबा. खाऊ द्या एकदाची."